न दिसणारा लाल दिवा

चौकांतले सिग्नलचे खांब काढून टाकले, तेव्हापासून लाल-हिरवा दिवा थेट लोकांच्या डोळ्यांतल्या भिंगांवर उमटायचा. त्या दिव्यांचं रूप ठरवणारी नवी स्टाइलशीट शाल्मली तांडेल एकेका जुन्या भिंगावर तपासत होती. सर्वांत जुन्या भिंगावर लाल दिवा उमटतच नव्हता.

"ती भिंगं आता म्हाताऱ्याकोताऱ्यांकडेच उरलीत," दळवीसाहेब वैतागून म्हणाले. "द्या मंजुरी आणि मोकळ्या व्हा. वर उत्तरं मला द्यावी लागतात."

शाल्मलीने नवी स्टाइलशीट चढवलेली ती जुनी भिंगं डबीत घालून त्यांच्यापुढे सरकवली.

"ही घाला साहेब, आणि खालचा चौक एकदा ओलांडून या. परत आलात, तर देते मंजुरी."

दळवीसाहेबांनी खिडकीतून खालच्या सुसाट गाड्यांकडे पाहिलं. डबीला त्यांनी हात लावला नाही. त्यांच्यादेखत शाल्मलीने स्टाइलशीट नामंजूर केली.