बर्फाखालचे बाप्पा

पहार बर्फावर आदळली आणि टोकदार चुरा गिरिजाच्या गालावर उडाला. तिनं डोळे मिटले नाहीत. डोळे मिटलेले प्रल्हादला खपत नाहीत. मी काय आत्ता मारतोय का, असं विचारतो.

शिकागोबाहेरचा हा कालवा माघात गोठतो, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. माघी गणपतीचं विसर्जन बादलीत करू या, असं शोभनामावशी दोनदा म्हणाल्या. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या त्याच. पण अध्यक्ष प्रल्हाद. बाप्पा कालव्यातच जाणार, हे त्यानं ग्रुपवर टाकून दिलं होतं, आणि एकदा टाकलेलं मागे घेईल तर तो प्रल्हाद कसला. म्हणून ही कुणाकडून तरी मागून आणलेली पत्र्याची होडी. पुढे पहार घेऊन तो, मागे वल्हं घेऊन त्याची बायको गिरिजा, मध्ये पाटावर बाप्पा. तो फोडायचा, ती रेटायची.

काठावर मंडळी मोबाइल धरून उभी होती. त्यांच्यामागे शोभनामावशींची गाडी, आणि गाडीत गिरिजाची बॅग. सकाळी आरतीच्या गडबडीत तिनं नवऱ्याच्या कपाटातून आपला पासपोर्ट काढून त्या बॅगेत टाकला होता. विसर्जन झालं की सरळ माझ्या गाडीत येऊन बस, मावशींनी बजावलं होतं. गिरिजा हो म्हणाली खरी, पण पाय निघेल असं तिला वाटत नव्हतं.

कारण प्रल्हाद काही रोज मारत नाही. आणि मारून झालं की तोच फ्रीजमधला बर्फ आणून तिच्या सुजलेल्या हातावर धरतो, आणि थकलेल्या आवाजात विचारतो, "का करायला लावतेस गं मला हे?"

लग्न झाल्यापासून ती त्याचं उत्तर शोधत होती. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून. आईशी फोन लांबला म्हणून. चारचौघांत मोठ्यानं हसले म्हणून. चूक सापडली की ती सोडून द्यायची. फोन कमी केले, हसणं तर केव्हाच गेलं. अजून एखादी चूक राहिली असेल, तेवढी सापडली की सगळं नीट होईल, असं तिला आजही वाटत होतं.

मधोमध पोचल्यावर प्रल्हादनं बर्फात मोठं भोक पाडलं, मूर्ती तीनदा बुडवली आणि सोडली. कागदाच्या लगद्याची मूर्ती. पार्सलात फुटत नाही म्हणून त्यानंच मागवलेली. ती बुडालीच नाही. उताणी तरंगली, सरकत बर्फाखाली गेली आणि तिथेच अडकली. काचेखाली ठेवल्यासारखे बाप्पा वर बघत राहिले.

काठावरून सुशांत ओरडला, "प्रल्हाददादा, बाप्पांना ग्रीन कार्ड मिळालं वाटतं. जायचं नाव घेत नाहीत." मंडळी खो खो हसली.

प्रल्हादची मान लाल झाली. ती लाल मान गिरिजाला पाठ होती.

पहिल्या घावात बर्फ फुटला. दुसऱ्यात सोंड गेली. मग तो थांबेना. कान, हात, पोट, डोळे. पहार वर जात होती आणि खाली येत होती. काठावरचं हसणं बंद पडलं. होडी हेलकावत होती, तो कमरेपर्यंत बाहेर झुकला होता, आणि वल्हं गिरिजाच्या हातात होतं. पाठीत एक ढोसणी पुरे होती. वल्ह्यावरची तिची बोटं पांढरी पडली.

शेवटी लगदा पाणी पिऊन तळाला गेला. काळ्या पाण्यावर थोडा शेंदूर उरला. प्रल्हाद गुडघ्यांवर बसला. धापा ओसरल्यावर त्या पाण्याकडे बघत, त्याच थकलेल्या आवाजात, तो म्हणाला, "का करायला लावतोस रे मला हे?"

गिरिजाची बोटं सैल झाली. तिनं होडी फोडलेल्या वाटेनं मागे घेतली, मावशींच्या गाडीच्या रोखानं.

बाप्पांनी काही त्याच्या भाजीत मीठ जास्त घातलं नव्हतं.