ओळखीच्या वाटल्या

रविवारी सकाळी गव्हाण गावची मासळीवाली सोनाबाई खांदा कॉलनीत अविनाशरावांच्या दारात पाटी उतरवून बसली. त्यांनी मासळीकडे निरखून पाहिलं. पांढरं, चपटं, चमकणारं काहीतरी. पुढे नाव येईना. झटका येऊन गेल्यापासून असंच चाललं होतं. नजर शाबूत होती, पण समोर दिसतंय ते काय आहे, हे मेंदूला उमगत नव्हतं. त्यांनी एक मासा उचलला आणि कल्ल्याखाली अंगठा घातला.

"पापलेट. आणि कालचं."

"बर्फातलं हाय दादा, कालचं नाय," सोनाबाई फणकारली. तरी एक लहानसं वर घातलंच. त्यांची मुलगी चारुता खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

माणसांचंही तसंच होतं. आवाज ऐकला की ओळख पटायची, म्हणून घरात येणारा आधी आपलं नाव सांगायचा. त्या संध्याकाळी नारळ घेऊन परतलेली चारुता मुद्दाम गप्प उभी राहिली. एकदा तरी बाबांनी नुसतं बघून आपल्याला ओळखावं.

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अदबीने सरकून सोफ्यावर जागा केली.

"बसा ना. मुलगी नारळ आणायला गेलीय, येईलच." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जेवूनच जा. तिची आई करायची ना, तस्संच कालवण करते. तिला मात्र सांगू नका, शेफारेल."

आजवर कालवणाबद्दल तिने त्यांच्या तोंडून 'मीठ कमी आहे' एवढंच ऐकलं होतं. आता ती बोलली असती, तर त्यांनी आवाज ओळखला असता आणि ते कौतुक मागे घेतलं असतं. तिने नुसती मान हलवली, बाहेर गेली आणि बेल वाजवून पुन्हा आत आली.

"चारू आलेय, बाबा."

"उशीर केलास. एक बाई येऊन गेल्या. ओळखीच्या वाटल्या, पण नाव काही आठवेना."

रात्री दोन घास जास्त जेवले. मीठ कमी आहे म्हणाले.

पहाटे झोपेतच गेले.

दुपारी नेण्याआधी एकेक जण चेहरा पाहून मागे सरला. चुलतभाऊ सुशांतने हळूच विचारलं, ताई, निघायचं ना. चारुता वाकली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, काल आलेल्या त्या बाई... मीच होते."