आत्याबाईची डावी बाजू

ताईने मागून डोळे झाकले आणि धाकटीला ढकलत बाहेरच्या खोलीत आणलं. "चोरून बघायचं नाही हं!" भाऊजी पुढून सूचना देत होते, उजवीकडे, जपून, टेबल आहे. चाळिशीला टेकलेल्या मेहुणीचे हे असे लाड चालले होते आणि मेहुणीलाही ते हवेच होते.

तिच्या अनवाणी पायांना काहीतरी खरखरीत लागलं. आखूड केस, सगळे एकाच दिशेने बसलेले.

"उघड आता!"

खोलीभर गालिचा. फिकट पिवळ्यावर तपकिरी ठिपके. जिराफ! तिच्या नोकरीला दहा वर्षं झाली म्हणून दोघांनी आणलेली भेट. धाकटी खळखळून हसली. अभयारण्याच्या कार्यालयात तिचं काम एवढंच, की फोटोतल्या जिराफांचे ठिपके बघायचे आणि कोण कुठला ते ओळखायचं. एकाचे ठिपके दुसऱ्याला नसतात आणि जन्मल्यापासून मरेपर्यंत त्यांचा आकार बदलत नाही. या नोकरीची घरात जितकी टिंगल झाली तितकी भाऊजींच्या टकलाचीही झाली नसेल.

"कार्यालयात तेच आणि आता घरीही तेच," ती म्हणाली. "डोळ्यांना सुट्टी म्हणून नाही माझ्या!"

"गाईचं कातडं आहे, वर छापलंय," भाऊजी म्हणाले. "पण छाप बघ कसला आहे!"

ती खाली बसली ती सवयीनेच. छापील नक्षी हात-दोन हातांवर पुन्हा येते. ती कुठे पुन्हा येते हे ती बोटाने शोधू लागली. हातभर पुढे गेली, दोन हात गेली, गुडघ्यांवर सरकत पार कडेला पोचली. नक्षी पुन्हा येईना.

"अगं, काय हरवलंय का तुझं?" ताईने विचारलं.

मानेकडच्या बाजूला एक ठिपका होता, कान तुटलेल्या कपासारखा. त्याच्याखाली तीन बारके, ओळीत. धाकटीचा हात तिथेच थांबला.

हे ठिपके तिला पाठ होते. कळपातली ती सगळ्यांत थोराड मादी. कागदोपत्री तिला क्रमांक होता, पण दुसऱ्याच्या घरातली धूळ बघत फिरणाऱ्या नणंदेसारखी ती सगळ्यांकडे वरून बघायची, म्हणून धाकटीने तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. गेले सहा आठवडे आत्याबाई एकाही फोटोत आली नव्हती. रोज सकाळी धाकटी आधी तिला शोधायची आणि मग चहा घ्यायची. पलीकडच्या खोऱ्यात पाला खायला गेली असेल, असं कार्यालयात सगळे म्हणत. धाकटीही तेच म्हणायची, जरा जास्तच जोरात.

"आत्याबाई," तिच्या तोंडून निघालं.

भाऊजींनी टाळी वाजवली. "ओळखलं! मी म्हटलं नव्हतं, एका नजरेत ओळखेल? पैज जिंकलो मी!"

"धन्य आहे बाई तुझी," ताई कौतुकाने म्हणाली.

धाकटीला एकदम धीर आला. म्हणजे फोटोवरूनच छापून घेतलं असणार. का नाही? आजकाल लोक उशीवर स्वतःचं तोंड छापून घेतात. किती वेडी आहोत आपण, असं मनात म्हणत तिने खात्री करायला तपकिरी ठिपक्यावरचे केस बोटांनी दुभंगले. छापलेला रंग वरवर बसतो, मुळाशी केस पांढरे राहतात. इथे ते थेट कातडीपर्यंत तपकिरी होते.

तिने दुसरीकडे पाहिलं. तिसरीकडे पाहिलं. मग खांद्याच्या जागी तिच्या बोटाला एक गाठ लागली. तिथे करंगळी जाईल एवढं भोक होतं आणि ते बारीक टाके घालून, केस वरून नीट विंचरून झाकलं होतं.

ती उठली, पण पाय कुठे ठेवावा हे तिला कळेना. खोलीभर आत्याबाईच होती.

"भाऊजी, हे छापलेलं नाही."

"म्हणजे?"

"ही तीच आहे."

ताईचा एक पाय गालिच्यावर होता. तो तिने चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं, असं कसं होईल?" भाऊजी हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. "मी तर दुकानदाराला नुसता फोटो पाठवला होता. तूच पाठवलेला. हा बघ."

त्यांनी मोबाइल पुढे केला. आत्याबाई डावी बाजू दाखवत उभी होती, तोंडात पाला, नजर वरून खाली. फोटोच्या तळाशी कार्यालयाच्या कॅमेऱ्याने आपोआप उमटवलेली पट्टी होती: तारीख, वेळ आणि ठिकाण, पाणवठ्याच्या नावासकट. त्याखाली दुकानदाराचं उत्तर होतं: 'मिळेल. महिना लागेल.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. अंगणातल्या गोष्टी घरच्यांना सांगाव्यात तसा तिने तो फोटो पाठवला होता, भाऊजींनी चेष्टा करावी म्हणून.

भाऊजी खुर्चीच्या हातावर बसले. इतका मोठा माणूस, पण त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"तो आधी म्हणाला होता, साधारण असाच एक तयार आहे, तो घेऊन जा," ते म्हणाले. "मीच अडून बसलो. म्हटलं, साधारण नको. कितीही दिवस लागू देत, आमच्या मेहुणीला हाच पाहिजे."