उलटा टाका

"हा टाका माझ्या बायकोचा आहे," मास्तर म्हणाले, आणि दुकानातली गोधडी हातातून सोडेनात.

गोधडीवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवला. मेळ्यात अजून गर्दी व्हायची होती. शेजारच्या तंबूत कुणी चटया उलगडत होतं, समोर टोपल्यांची उतरंड रचणं चाललं होतं.

"दादा, टाक्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

"बाई, शिंपीकामात केस पांढरे केलेत मी. लोक माणूस चालीवरून ओळखतात, मी टाक्यावरून." मास्तरांनी पिशवीतून एक जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली गोधडी काढली. "ही बघा. थोरलीच्या मुलासाठी आमच्या हिने केलेली. प्रत्येक नातवंडाला हिच्या हातची एकेक आहे."

बाईंनी ती घेतली आणि न शोधता नेमका एक कोपरा उलटला. तिथे शेवटचा टाका उलट्या दिशेने घातलेला होता. त्यावरून त्यांनी हळूच अंगठा फिरवला.

"त्या नाही आल्या यंदा?"

"गेल्या थंडीत गेली." मास्तर चमकले. "तुम्ही ओळखायचात तिला?"

"दरवर्षी यायच्या. या स्टुलावर बसायच्या. हसायला लागल्या की चार दुकानं वळून बघायची."

ते हसणं मास्तरांना ऐकू आल्यासारखं झालं. दरवर्षी ती त्यांना पोरींसकट चहाच्या दुकानापाशी बसवायची आणि एकटीच मेळ्यात शिरायची. 'तुम्ही बरोबर असलात की लोकांच्या शिलाईच्या चुका काढत बसता,' म्हणायची. मग तिचा पत्ताच नसायचा. यायची ती फुगलेली पिशवी घेऊन. काय आणलंस म्हणून विचारलं, तर 'चिंध्या' एवढंच उत्तर.

"म्हणजे ती इथे तुम्हाला शिकवत बसायची होय!" मास्तरांचा चेहरा उजळला. "आणि गंमत सांगू? मुळात तिला सुई धरता येत नव्हती. लग्न नवं होतं तेव्हा तिने माझ्या सदऱ्याची बाही शिवली. मी गिऱ्हाइकांदेखत हसत हसत उसवली. तिने सुई फेकली ती फेकलीच. पण बाई जिद्दीची! पुढच्या वर्षी अशी गोधडी माझ्या पुढ्यात टाकली, की माझी बोलती बंद. शिवताना मात्र कुणाला दिसायची नाही. आम्ही बाहेर पडलो की बसायची. तिच्या शिवणाच्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आत काहीतरी खुळखुळायचं. पोरी म्हणायच्या, आईचा खजिना."

बाई जुन्या गोधडीची घडी घालत राहिल्या. घडी दोनदा चुकली.

"आता धाकटीचे दिवस भरत आलेत," मास्तर म्हणाले. "रोज रडते. सगळ्यांना आईच्या हातची मिळाली, माझ्याच बाळाला नाही, म्हणते. मला हे काम जमत नाही. तुम्ही तिच्या तालमीतल्या. तिच्यासारखीच एक करून द्याल?"

बाई खाली वाकल्या. टेबलाखालच्या पेटीतून त्यांनी एक इवलीशी पिवळी गोधडी काढली.

"करायला कशाला पाहिजे? गेल्या मेळ्यात त्या म्हणाल्या होत्या, धाकटीला कधीतरी लागेल, जपून ठेवा. ही त्यांचीच आहे."

मास्तरांनी कोपरा उलटला. तोच टाका. भर मेळ्यात त्यांनी गोधडी तोंडाशी धरली आणि ते लहान मुलासारखे रडले. बाईंनी स्टूल पुढे केलं.

कोपऱ्यात निळ्या दोऱ्याला एक लाकडी मणी लटकत होता. "हे काय?" डोळे पुसत मास्तरांनी विचारलं.

"दुकानाची खूण. घरी गेल्यावर कापून टाका, नाहीतर बाळ तोंडात घालेल."

पैशांचं त्यांनी नावही काढू दिलं नाही. मास्तर वळले तशी मागून हाक आली.

"दादा, तो डबा अजून आहे?"

"आहे की. उघडायचा धीर होत नाही."

"मग राहू दे तसाच."

घरी धाकटीने गोधडी पोटाशी धरली. टाक्यावर बोट ठेवून ती आधी हसली, मग रडली. "आईच! बाबा, तो मणी तेवढा काढा. आणि आईच्या सुईने एक टाका तुम्हीही घाला. बाळाला दोघांचा हात लागू दे."

मास्तर जरा घुटमळले. पण अवघडलेल्या लेकीला नाही कसं म्हणायचं? त्यांनी कपाटावरचा डबा काढला. तो नेहमीसारखाच खुळखुळला. त्यांनी झाकण उघडलं.

आत सुई नव्हती. दोराही नव्हता. एक छोटी कात्री होती, आणि कापलेल्या निळ्या दोऱ्यांसकट लाकडी मणी, तिने आजवर घरात जेवढ्या गोधड्या दिल्या होत्या तेवढे.