चहाला लागणारा वेळ

उषाताई चहा ठेवायला आत गेल्या, तसा कैलासने संगणकाचा पत्रा उघडला. आतला चालू पॉवर सप्लाय काढून पिशवीत घातला, त्या जागी जळका बसवला आणि स्क्रू आवळले. कपाळाचा बुक्का घामाने ओघळला.

उषाताईंचा चहा यायला नेहमीच उशीर व्हायचा. आज बरोबर गरम भाकरीही आली.

"झाली का रं सफाई?"

"झाली, ताई."

चालू करून दाखव, असं त्या कधी म्हणत नसत. तो विश्वासच कैलासला खुपायचा.

भुकूमची ही उषाताईंची दूध सोसायटी आणि पौडची जनार्दनभाऊंची. दोन्हीकडे दुधाची बिलं काढायला एकाच जातीचे जुने संगणक. कंपनीने ते बनवणं केव्हाच सोडलं होतं. सुटे भागही मिळेनात. नवीन घेणं दोघांच्याही आवाक्याबाहेर. हिंजवडीकडचे दुरुस्तीवाले संगणकाचं नाव ऐकूनच हसले. शेवटी दोघांनी जांबे गावच्या कैलासला गाठलं. लोकांची बिलं अडलीत, कायतरी कर बाबा, म्हणाले. दोन्ही संगणकांचे पॉवर सप्लाय जळालेले. भंगारात त्यांना बसणारा सापडला, पण एकच. नाही म्हणवेना त्याच्याने. दुरुस्त झालं, असं दोघांनाही सांगून बसला.

तेव्हापासून तो सफाईच्या नावाखाली इकडचा काढून तिकडे बसवत होता, आणि वर मजुरी घेत होता. दोघांचा फोन एकाच दिवशी आला तर? या धास्तीने त्याला घास गोड लागत नसे. पण तसं कधी झालं नाही. एकाची बिलं निघाली की मगच दुसऱ्याचा फोन यायचा, संगणक बंद पडलाय म्हणून. माऊलीच पांघरूण घालते आहे, असं समजून तो हात जोडायचा, आणि जोडताना आणखीच ओशाळायचा.

पॉवर सप्लाय फिरून भुकूमला आला, त्याच आठवड्यात एकादशीचं कीर्तन होतं. बुवांनी लोणी चोरणारा कान्हा असा काही रंगवला की सगळा मंडप खदखदत होता. मागच्या ओळीत कैलासच्या हातातला टाळ मात्र थांबला. देवाने चोरलं ते लाडात. आपण कशात चोरतोय? उद्या उषाताईंच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. काम गेलं तर गेलं.

सकाळी तो भुकूमला पोचला. सोसायटीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. पायरीवर चपला काढता काढता त्याला आतून उषाताईंचा आवाज ऐकू आला. त्या फोनवर होत्या.

"जनार्दनभाऊ, आमची बिलं निघाली बरं का. आता तुमी लावा कैलासला फोन. व्हय, येईल की तो सफाईला. मी चहाला येळ लावते नेहमीसारखा. लई स्क्रू हायेत त्याला, घाई झाली की हातनं सुटतात त्याच्या. आन् आपल्याला ठावं हाय, हे मात्र कळू देऊ नका. लाजंल, आन् यायचा बंद व्हईल."