सीट नंबर चौदा

सासऱ्यांनी पिशवी पलंगावर उपडी केली. डबा, कंगवा, दोरे कापायची कात्री, पाण्याची बाटली. डब्याचं झाकण उघडून वाससुद्धा घेतला.

"डब्यात काय लपवणार मी, बाबा?" सून म्हणाली.

"लपवणारा सांगून लपवत नाही. जा. सव्वासहाला दारात पाहिजेस."

बत्तीस वर्षं ते बसमध्ये तिकीट तपासनीस होते. माणूस रिटायर झाला, नजर झाली नाही. आता घरातल्या दोन बायकांवर ड्युटी. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. बायकोला कामाला जाऊ द्या म्हणून तो अडून बसला, नाहीतर सुनेलाही उंबरा दिसला नसता.

सून जिना उतरली. पिशवीत कधीच काही नसायचं. जे न्यायचं ते ती अंगावर न्यायची, स्वतःच्या कपड्यांच्या आत आणखी एक जोड. आतला जोड ढगळ पडायचा, म्हणून कमरेला दोन सेफ्टी पिना. शर्टाच्या कारखान्यात पोचली की बाथरूममध्ये उतरवायचा, घडी घालून लॉकरमध्ये टाकायचा.

"काय गं, सकाळी गुटगुटीत असतेस आणि मशीनवर बसेपर्यंत वाळतेस," शेजारच्या मशीनवरची म्हणाली. "वाटेत सांडतेस का काय?"

"वाऱ्यानं फुगते."

मंगळवारपर्यंत सगळं बाहेर जायला हवं होतं. सापडलं तर संपलं.

संपलं म्हणजे काय, ते घरातच बसलेलं होतं. सासूबाई. तीस वर्षांपूर्वी दारात उभ्या राहून त्या पोस्टमनच्या कुठल्याशा बोलण्यावर हसल्या होत्या. मोठ्यानं. त्या दिवसापासून सासरे बाहेर पडले की दाराला बाहेरून कुलूप. लावायचे, तीनदा ओढून बघायचे, खट खट खट, मग किल्ली खिशात. लोकांना सांगायचे, तिला बाहेर चक्कर येते. जिना त्या शेवटच्या कधी उतरल्या ते जिन्यालाच विचारावं. आणि हसणं? सुनेनं तर एकदाही ऐकलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई सुई डोळ्यापाशी धरून बसल्या होत्या.

"दोरा ओवून दे गं. चष्मा कुठे ठेवला कोण जाणे."

"आधी डोकं कुठे ठेवलंस ते शोध," सासरे म्हणाले.

सुनेनं दोरा ओवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती खिडकीशी गेली.

"हो. मंगळवारच. अकरा. संशय आहेच ना त्यांना, असू दे. ठेवते."

"कोण होतं?"

"तुमचा मुलगा."

सासऱ्यांनी फोन हातातून काढून घेतला. "हा त्याचा नंबर नाही."

"नवीन घेतलाय."

"असं होय." ते हसले. जुनं तिकीट चालवणारा सापडला की असेच हसत असणार.

सोमवारी सून अंघोळ करून आली तर पर्सची चेन पूर्ण लावलेली. तिनं अर्धी उघडी ठेवली होती. आतलं बसचं तिकीट जागेवर होतं, घडी मात्र उलटी. मंगळवार, अकरा वाजता, सीट नंबर चौदा. म्हणजे वाचलं होतं.

सासरे काही वाचलंच नसल्यासारखे चहा पीत बसले होते. त्यांचा नियम तिनं जेवताना शंभर वेळा ऐकला होता. चोर गाडीत चढल्याशिवाय धरायचा नाही. खाली धरला तर म्हणतो, साहेब, तिकीट काढायलाच चाललो होतो.

मंगळवारी तिची पिशवी नेहमीपेक्षा दुप्पट होती. आज कोणी उपडी केली नाही.

"आज उशिरा निघालीस," सासरे म्हणाले. कुलूप आधीच हातात.

"दुसरी पाळी आहे."

"हं. मलाही जरा भाजी बघायचीय."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सुनेनं तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडूच फुटलं असतं. ती दाराबाहेर पडली आणि पळत सुटली. धडधड, दोन दोन पायऱ्या. वरून चपलांचा आवाज लगोलग मागे आला.

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत ते दिसले. खांबाआड. तिनं पाऊल आणखी उचललं.

सीट चौदा खिडकीची होती. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि बोटं पिशवीत रुतवली. अकराला पाच कमी असताना सासरे चढले. पायात घरातल्या चपला, शर्टाचं बटण एक खाली एक वर. दम लागलेला, पण चेहरा कसा उजळलेला.

"तिकीट?"

तिनं दिलं. त्यांनी मागची बाजूसुद्धा तपासली.

"कुठे आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्याबरोबर तोंड काळं करणार होतीस तो."

पुढच्या सीटवरची दोन डोकी वळली.

"कोणी नाही, बाबा."

"उघड पिशवी."

तिनं उघडली. आत रद्दी होती. पेपर, नीट घड्या घातलेले, वरपर्यंत. सासऱ्यांनी हात तळापर्यंत घातला. रद्दीच.

"कपडे कुठे आहेत?"

"माझे?" सून म्हणाली. "कपाटात आहेत. सगळे."

सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. रुमालासाठी त्यांनी खिशात हात घातला. हातात कुलूप आलं. उघडं, किल्ली अजून त्यातच.

तिचा फोन वाजला.

"तुमचा मुलगा," ती म्हणाली, आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

पलीकडे गाडीचा आवाज होता, आणि एक बाई मोठ्यानं हसत होती.