तीस छर्रे

"खोटारडा आहे तो!" तोकुनागाने हेल्मेट बाकावर आदळलं. "दहा पावलांवरून मारला त्याला. हात वर करायचा सोडून उलट माझ्याच छातीवर छर्रा झाडला!"

"मला लागलाच नाही, आजोबा," पिवळी पट्टी बांधलेला तरुण पुन्हा म्हणाला.

जपानातल्या चिबाच्या त्या मैदानावर खेळण्यातल्या रायफलींची लढाई दर रविवारी चाले. या खेळात लागलं की नाही ते कुणी तपासत नाही. ज्याला छर्रा लागला त्यानेच हात वर करून "हिट!" ओरडायचं आणि बाहेर पडायचं. सगळा कारभार इमानावर. तरुण नवा होता, तोकुनागा पंचवीस वर्षांचा जुना. मैदानाच्या मालकाने तरुणाला दुपारच्या खेळातून बसवलं. तो कुंपणापाशी जाऊन बसला.

तोकुनागाचा उजवा डोळा कधीच गेला होता, आता डाव्याचंही आटपत आलं होतं. हा त्याचा खेळातला शेवटचा हिवाळा, हे सगळ्या दोस्तांना ठाऊक होतं. उडालेला छर्रा त्याला दिसत नसे, वर झालेला हात तेवढा दिसे. आज सकाळी असे पाच हात वर झाले होते. पाच! म्हातारा हवेत होता.

जेवणाआधी त्याने सवयीने सरावाच्या पत्र्यावर नेम धरून चाप ओढला. रायफलीने खांद्याला धक्का दिला. पत्रा वाजला नाही. आणखी दोनदा ओढला. पत्रा गप्पच.

तो टेबलाशी येऊन बसला. छर्रे उडवणारा गॅस गारठ्यात मंदावतो, म्हणून तो गॅस आणि छर्रे भरलेलं मॅगझिन तो सकाळपासून खेळ थांबला की पोटाशी ऊबदार पुडीत ठेवी. ते अजून कोमट होतं. अंगठ्याने वरचा छर्रा दाबून पाहिला, स्प्रिंगने तो झटकन वर आणला. मग त्याने रायफलीतला सरकता बोल्ट बाहेर काढला आणि पुढच्या प्लास्टिकच्या तोटीवरून नख फिरवलं. खालची कड तुटलेली होती.

ही कडच छर्र्याला नळीत ढकलते. ती नसली की बोल्ट छर्र्यावरून नुसता सरकतो. आवाज होतो, धक्का बसतो, नळीतून वारा सुटतो. साऱ्या दोस्तांच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या तोकुनागाने ही तोटी गुरुवारी स्वतःच बसवली होती.

कड कधी तुटली असेल? त्याने मॅगझिन टोपीत रिकामं केलं आणि बोटांनी एकेक छर्रा मोजला. तीस. सकाळी भरले होते तेही तीसच.

समोर इमोतो करीभात खात होता. सकाळी तो आणि बाकीचे चार दोस्त पिवळ्या बाजूने खेळले होते.

"इमोतो, सकाळी तुला कुठे लागला होता रे?"

"खांद्यावर. अजून ठणकतोय. म्हाताऱ्या, तुझा नेम काही जात नाही बघ!"

तोकुनागाने टोपी पुढे सरकवली. इमोतोने छर्र्यांकडे पाहिलं, उघड्या बोल्टकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"पाचही जण?" तोकुनागाने विचारलं.

"शेवटचा हंगाम तुझा... आम्हाला वाटलं, तेवढंच तुला बरं वाटेल."

लागलेला लपवणारे तोकुनागाने खूप पाहिले होते. न लागलेला कबूल करणारे आजच भेटले, आणि तेही जिवाभावाचे. शरमेने त्याच्या कानशिलांची आग झाली. इमोतोवर रागावताही येईना.

तो उठला आणि कुंपणापाशी गेला. तरुण चटकन उभा राहिला.

"मालक, हा खरं बोलत होता," तोकुनागा मागे वळून म्हणाला. "माझी रायफल सकाळपासून नुसतीच वाजतेय." मग तरुणाकडे वळून त्याने उजवा हात ताठ वर केला.

"हिट!"

आवाज इतका मोठा होता की टेबलांवरची बोलणी थांबली. तरुण गोंधळला आणि कमरेत वाकला.

तोकुनागा तसाच फाटकाकडे चालू लागला. रायफल टेबलावरच राहिली होती. इमोतोने मागून दोनदा हाक मारली. त्याने हात खाली घेतला नाही. बाद झालेल्याने मैदानाबाहेर पडेपर्यंत तो खाली घ्यायचा नसतो.